मंगलीचं मागणं

आमच्या गावच्या चौकात तीन प्रकारची माणसं फ्लेक्सवर झळकतात. वाढदिवस असलेला पुढारी, तेरवी असलेला म्हातारा आणि पुण्याच्या कॉलेजात नंबर लागलेलं पोर. मागच्या वर्षी तिसऱ्या प्रकारात मी लागले. फोटो दहावीतला, गालाला पावडर जरा जास्तच, आणि खाली शुभेच्छुक म्हणून काका-मामांचे फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठे. कॉलेजचं नाव लाल अक्षरांत होतं. मी तोवर ते कॉलेज फक्त मोबाईलवर पाहिलं होतं.

त्या कॉलेजचं नाव इथे घेत नाही. आमच्या घरात ते इतक्यांदा घेतलं जातं की मला त्याची शिसारी आली आहे. बाबूजी, म्हणजे माझे वडील वीरेंद्र बिसेन, गोंदियाला राइस मिलवर गेले तरी धानाचा भाव विचारायच्या आधी कॉलेज सांगतात. लग्न असो की तेरवी, पोरगी काय करते हे कोणी विचारायची ते वाटच पाहत नाहीत. "आमची आचल पुण्याले हाय. लय मोठं कॉलेज. बड्या बड्या लोकायची पोरं येतात तेथी," असं म्हणून मोकळे होतात. बड्या लोकांची पोरं येतात हे अगदी खरं आहे. माझ्या वर्गात तीच होती, आणि मी होते.

तिथे मी तोंड उघडलं की पोरी हसायच्या. "मी जेवून राहिली" म्हटलं की एकीला ठसका लागायचा. गोंदिया म्हटल्यावर "ते मध्य प्रदेशात ना?" आणि त्यानंतर "तुमच्याकडे नक्षलवादी दिसतात का गं?" हे ठरलेलं. पोरी वाईट नव्हत्या हो. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या माझ्याशी प्रेमाने वागायच्या, आमची मम्मी मजूर बायांच्या लेकरांशी वागते तितक्याच प्रेमाने. कॉम्प्युटरच्या तासाला सर म्हणायचे, "हे तर तुमचं शाळेतच झालं असेल," आणि सगळा वर्ग मान डोलवायचा. मीही डोलवायची. वर्षभर मान डोलवून मी दोन विषयांत नापास झाले.

मला गोंदियाच्या कॉलेजात बी.एस्सी. करायची होती. फिजिक्स. अकरावी-बारावीला मला तो विषय इतका आवडायचा की सुट्टीच्या दिवशीही पुस्तक उघडून बसायची. जूनमध्ये घरी आले तेव्हा हे बाबूजींना सरळ सांगून टाकलं, नापास झाल्याचंही सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"गोंदियाच्या कॉलेजात? तेथी तर आपल्या सालगड्याचा पोरगा जाते."

"मंग काय झालं?"

"काय झालं म्हनते! फ्लेक्स लावला, समाजाच्या कार्यक्रमात तुहा सत्कार झाला. समाजातले गजेंद्रभाऊ तर वाटच पाहून राहिले, कधी वीरेंद्रची पोरगी वापस येते म्हनून. विषय राहिले तर काढ. पन कॉलेज नाही सुटत. इज्जत का सवाल है."

मम्मीचं वेगळंच. तिच्या मते कॉलेज शिकण्यासाठी नसून स्थळासाठी असतं. "बायोडाटात पुणे लिहिलं म्हनून इंजिनीअर पोरांचे फोन येऊन राहिले. गोंदिया लिहून पाहा, शिक्षकाचं तरी येते का ते," ती म्हणाली. शिक्षकाचं स्थळ आलं तर काय वाईट, हे मी विचारलं नाही. मार खायचं माझं वय राहिलं नव्हतं, पण मम्मीचा हात अजून चालतो.

तेव्हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार, असं माझं चाललं होतं. घरात कोणी वाईट नाही, उपाशी ठेवत नाही, आणि तरीही मला दार सापडत नव्हतं.

जुलैत रोवणी लागली. आमच्या बांध्यांमध्ये धान लावायला बाया येतात, त्यांच्यात सगळ्यात पुढे असते मंगली. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या टोलीवरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंड. तिचा नवरा बिसराम नागझिऱ्याच्या गेटवर गाईड आहे, पर्यटकांच्या जिप्सीत पुढे बसून वाघ दाखवतो. पावसाळ्यात जंगल बंद असतं, म्हणून तोही रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे परह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहायला येतो. आणि त्यांची पोरगी संध्या, माझ्यापेक्षा वर्षाने लहान. लहानपणी आम्ही आमच्या अंगणात पुष्कळ खेळलो. ती कधी उंबऱ्याच्या आत आली नाही, मी कधी त्यांच्या टोलीवर गेले नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, तरी आम्ही शिकलो होतो.

संध्या आश्रमशाळेत शिकली आणि बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. मम्मीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "त्यायले तर सीटा राखूनच असतात." मार्क काही कोणी राखून ठेवत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझ्या आजोबांनी, बकाराम बिसेनांनी, ती घालून दिली. रोवणीची शेवटची बांधी झाली की बाया मालकाला चिखल लावतात, मग आंघोळी करून सगळे आमच्या घरी जेवायला येतात. जेवण होत आलं की त्या वर्षी पहिला परहा जिने लावला तिने मालकाजवळ एक मागायचं. मालकाने नाही म्हणायचं नाही. कोणी पातळ मागतं, कोणी घर शाकारायला तणस, कोणी पोरीच्या लग्नात वऱ्हाडासाठी ट्रॅक्टर. आजोबा गेले, पण बाबूजींनी रीत मोडली नाही. मोडली असती तर गावात बोलणं झालं असतं.

या वर्षी पहिला परहा मंगलीने लावला होता.

छपरीत पंगत बसली. भात, वरण, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या. बाबूजींच्या कानामागे अजून चिखल होता आणि ते खुशीत होते. मी वाढत होते. मंगलीजवळ आले तर तिने पानावर हात आडवा धरला.

"बस झालं. आता मागते, मालक."

"माग ना. पातळ पाह्यजे का या वर्षी?"

"पातळ नको जी. मले तुमच्या पोरीची एक गोष्ट पाह्यजे." तिने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या संध्याचा नंबर दोन जागी लागला. एक नागपूरले, सरकारी कॉलेज. तेथी हॉस्टेल हाय, माह्या बहिनीची पोरगी तेथीच शिकते. अन् दुसरा पुण्याले. आचल जाते ना, त्याच कॉलेजात. फी सरकार भरून राहिली, त्याची फिकर नाही. पन आमाले काही समजत नाही बाप्पा. आचलनं खरं खरं सांगावं, कोठी पाठवू. हेच माहं मागनं."

मी बाबूजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू कोणीतरी त्यांच्या नावाचा सातबारा भलत्याच माणसाच्या हातात दिला आहे. त्याच कॉलेजात! मंगलीची पोरगी!

बिसराम मान खाली घालून म्हणाला, "मी रोज पुन्याच्या लोकायले जंगल दाखवतो. त्यायची लेकरं कशी बोलतात, कोनालेच भीत नाही. मले वाट्टे, माही पोट्टी तशी बोलली पाह्यजे."

त्या एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! मी "पुण्याला पाठवा" म्हटलं असतं तर माझं काम फत्ते होतं. जिथे मंगलीची पोरगी शिकते ते कॉलेज बाबूजी चारचौघांत मिरवणार कसे? महिन्याभरात त्यांचं मन उडालं असतं, मग मी गोंदियात शिकले काय आणि पुण्यात शिकले काय. संध्याला तिकडे ढकलून मला सुटता येत होतं. आणि संध्या तिथे माझ्यासारखी बाथरूमचा नळ सोडून रडत बसली असती. छे, माझ्यासारखीही नाही. मी रडायची तेव्हा माझ्यामागे बाबूजींचं घर होतं, शेत होतं. मला नुसतं हसत होते. तिला काय काय म्हणतील याचा मला चांगला अंदाज होता. आमच्या वर्गात राखीव जागांवरून जे बोलणं चालतं ते मी कानांनी ऐकलं होतं, आणि ऐकून गप्प बसले होते.

नागपूरला तिची मावसबहीण होती. तिच्यासारख्या पोरी होत्या. तिथे ती पहिली आली असती.

मी वड्यांचं ताट खाली ठेवलं आणि ठरवलं की सगळं सांगायचं. संध्याचंही आणि माझंही. भर पंगतीत सांगितलं की बाबूजींनाही झाकता येणार नाही.

"नागपूरले पाठवा, मंगलीकाकू," मी म्हणाले. "पुण्याले नका पाठवू."

"काऊन?"

"आपल्यासारख्या पोरींचं ते कॉलेज नाही."

हे वाक्य हवेत असतानाच बाबूजींचा चेहरा उजळला. ते मोठ्याने हसले.

"आपल्यासारख्या काऊन म्हनते? तुमच्यासारख्या म्हन." मग मंगलीकडे वळून, समजावणीच्या सुरात, "पोरगी बराबर सांगून राहिली, मंगली. तेथलं स्टँडर्डच अलग हाय. तुह्या पोरीले झेपनार नाही. उगीच लेकराचे हाल. नागपूर ठीक हाय तुमच्यासाठी."

दोन-तीन बाया कसंनुसं हसल्या. मालक हसला की हसावं लागतं. मंगली हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेत मी आचल न राहता मालकीण होत गेले.

"तसं नाही, काकू!" मी जवळजवळ ओरडले. "मी माहंच सांगून राहिली. मीच नापास झाली तेथी, दोन विषयात. मले तेथी राहायचंच नाही. मी रडते तेथी, विचारा मम्मीले!"

मम्मी दारात भाताचं गंज घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काही पन बोलते. गंमत करते जी पोरगी."

मला वाटलं मंगली तरी खरं मानेल. तिने मला चिखलात पडल्यावर उचललं आहे, माझं रडणं तिला ओळखू येतं. पण तिने पानावरचा भात गोळा केला आणि हळू आवाजात म्हणाली, "राहू दे आचल. आमाले वाईट वाटू नये म्हनून कायले स्वताले नापास करते? पहिले बोलली तेच खरं होय."

खरं बोलले तर अपमान झाला, आणखी खरं बोलले तर ती दया ठरली.

बिसराम पानावरून उठला. अर्धं जेवण तसंच होतं. हात धुऊन त्याने बाबूजींना नमस्कार केला, रोज करतो तसाच. "मागनं झालं, मालक. जवाब भेटला."

तेव्हा पंगतीच्या टोकाला बसलेली संध्या बोलली. तोवर तिने मान वर केली नव्हती. ती माझ्याशी नाही, बाबूजींशी नाही, आईशी बोलली.

"माय, मी पुण्यालेच जाईन."

बाबूजींचा राग त्या दिवशी भांड्यांवर निघाला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, निदान आता तरी त्यांचं कॉलेजवरून मन उडेल. घोडं गंगेत न्हाईल. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"बॅग भरून ठेव. तुही गाडी पहिले ठरली त्याच तारखेची हाय."

"बाबूजी, आता तर संध्या पन तेथीच..."

"म्हनूनच तं. बिसरामची पोट्टी तेथी शिकन अन् वीरेंद्र बिसेनची पोरगी नापास होऊन घरी बसन? हे पाहू का मी? पहिले तुले वापस आनलं असतं तं एक वेळ चाललं असतं. आता नाही चालत."

पहिले आणलं असतं तर चाललं असतं! हे त्यांनी पहिले सांगायला काय झालं होतं? मला हसू आलं आणि हसता हसता मी भिंतीवर उशी फेकून मारली. ते निघून गेले. माझा बाप मला कोंडत होता आणि त्याला वाटत होतं तो मला उभी करतो आहे. त्याच्यावर नीट चिडताही येत नव्हतं. तो स्वतः गोंदियाच्या कॉलेजातून दुसऱ्या वर्षी शेतीवर परत आलेला, समाजाच्या बैठकीत शिकलेल्यांच्या मागे खुर्ची घेऊन बसणारा. पुढच्या रांगेची खुर्ची त्याला माझ्यामुळे मिळाली होती.

मग मी माझंच ठरवलं. पुण्याला जायचं, पण राहायला नाही. ऑफिसात जाऊन टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढायची, सामान आवरायचं आणि सरळ गोंदियाची गाडी पकडायची. गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश सुरूच होते, तिथल्या सरांना मी फोनवर विचारून घेतलं होतं. टीसी हातात घेऊन दारात उभी राहिले तर बाबूजी काय करतील? ओरडतील. ओरडू देत. जूनपासून पहिल्यांदाच मला झोप नीट लागायला लागली.

महाराष्ट्र एक्सप्रेस सकाळी गोंदियाहून सुटते. प्लॅटफॉर्मवर दोन्ही घरं आली होती, पण दोन वेगळ्या डब्यांसमोर. बाबूजींनी माझं तिकीट एसीचं काढलं होतं. पलीकडे स्लीपरच्या डब्यासमोर बिसराम गाईडचा खाकी शर्ट इस्त्री करून घालून आला होता, आणि मंगली नवं पातळ नेसून. बाबूजी एकदाही तिकडे वळले नाहीत. मम्मीने मला दह्याचा चमचा भरवला आणि हळूच म्हणाली, "तिच्याशी जास्त बोलत नको बसू. मंग लोक एकाच घरची समजतात."

भंडारा गेलं तशी मी उठले आणि स्लीपरच्या डब्यात गेले. संध्या खिडकीत बसली होती, बॅग मांडीवर घेऊन, जणू कोणी ती ओढून नेणार आहे. मला पाहून तिने जागा दिली. नागपूर जवळ आलं, बाहेर उंच इमारती सुरू झाल्या, आणि ती त्या इमारतींकडे मान वळवून वळवून पाहू लागली.

"इथीच उतरायचं होतं तुले," मी म्हणाले. मला राहवलं नाही. "संध्या, मी त्या दिवशी खोटं नव्हती बोलली गं."

"मले मालूम हाय."

"मालूम हाय?"

"त्याच दिवशी समजलं. तुह्या मम्मीनं गंमत म्हटलं ना, तेव्हा तुहा चेहरा पाहिला मी. जो मानूस गंमत करते तो असा नाही दिसत."

"मंग कायले आली? नागपूर तुह्यासाठी चांगलं होतं!"

तिने बॅगचा पट्टा बोटाला गुंडाळला. "चांगलंच होतं. मले तेच पाह्यजे होतं, खरं सांगू तं. मायले सांगनारच होती जेवन झाल्यावर. पन तुह्या बाबूजीनं ते म्हटलं. तुमच्यासाठी ठीक हाय म्हटलं. त्याच्यानंतर मी नागपूरले गेली असती तं माहा बाप जिंदगीभर त्याच्या बांधीत मान खाली घालून उभा राहिला असता." मग जरा थांबून, "तसा तो आताही खालीच घालते. पन निदान माह्यामुळे नाही."

गाडी नागपूरच्या प्लॅटफॉर्मला लागली. पोरं-पोरी बॅगा घेऊन उतरत होत्या. संध्याने एकदा दाराकडे पाहिलं, आणि मी मनात म्हणाले, उतर गं बाई, उतर, अजून गाडी उभी आहे. ती जागची हलली नाही. मलाच उठून तिला दंडाला धरून खाली उतरवावंसं वाटलं.

हीच वेळ होती. टीसी काढून परत जायचं तिला सांगायलाच हवं होतं, पुण्यात पोचल्यावर कळणं जास्त वाईट. मी म्हणाले, "संध्या, मले तुले एक सांगायचं हाय."

"पहिले माहं ऐक," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "मले लय भेव वाटून राहिलं. मायले नाही सांगितलं मी. माय तं येऊच देत नव्हती, त्या दिवसापासून रडूनच राहिली होती. मीच तिले म्हटलं, आचल हाय ना तेथी. ते तिच्या बापासारखी नाही, ते मले एकली नाही सोडनार. तेव्हा कोठी तिनं हो म्हटलं." तिने माझा हात धरला. रोवणीने तिच्या बोटांना पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. "तू हायेस ना गं तेथी? तू काय सांगून राहिली होती?"

गाडीने शिटी दिली. मला तिचा राग आला, इतका की हात झटकावासा वाटला. तिने काय केलं होतं माझं? काहीच नाही. बाबूजींसमोर, मम्मीसमोर, भर पंगतीसमोर मी बोलू शकले होते. हिच्यासमोर मला तोंड उघडता येईना.

"काही नाही," मी म्हणाले. "हायेस का म्हनून कायले विचारते? हाये ना मी."

तिने मोठा श्वास सोडला आणि बॅग मांडीवरून खाली ठेवली. गाडी नागपूरहून सुटली.